टी-स्टॉल ‘अ’ची भागाबाई

आमच्या गावात चहाची हॉटेलं दोनच. स्टँडवर उभं राहिलं की डाव्या हाताला भागाबाईचं आणि उजव्या हाताला अंकुशरावांचं. एकाला ‘टी-स्टॉल अ’ म्हटलं आणि दुसऱ्याला ‘टी-स्टॉल ब’, म्हणजे नावं झाकली गेली, असं गाव न पाहिलेल्या माणसालाच वाटेल. एका संशोधक मुलीनं तसं छापलं आणि तळाला टीप दिली की व्यक्तींची ओळख गुप्त ठेवली आहे. मी तिच्यापेक्षा जास्त काळजी घेते. तिचं नाव मी लिहीत नाही. तिला अजून नोकरी लागायची आहे. भागाबाईचं लिहिते, कारण तिचं नाव आधीच गेलं आहे, आणि कारण तिनंच मला सांगितलं, “अक्का, तिनं लिवलं, आता तुमी लिवा.”

भागाबाई कमठाण्याची लेक. लग्न होऊन आमच्या गावात, हुमनाबाद तालुक्यात आली. नवरा ट्रकवर होता, उमरग्याच्या पुढं अपघातात गेला. दिरांनी सांगितलं, शेतात राब, दोन वेळचं खा, कोपऱ्यात राहा. ती कोपऱ्यात राहणारी नव्हती. तिनं पंचायतीकडं स्टँडवर जागा मागितली आणि चहाचं हॉटेल काढलं. चांगल्या शेतकरी घरची सून स्टँडवर बसून ड्रायव्हर-कंडक्टरला चहा ओतते, म्हणून दिरांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ती म्हणाली, “बरं झालं. बोलायले असते तर च्या फुकट मागितले असते.”

हॉटेलचा कट्टा बांधला नरसिंगनं. नरसिंग गवंडी, बौद्ध वस्तीतला, हाताला वळण असलेला माणूस. तो लहान असताना गावात अंकुशरावांच्या वडिलांचं एकच हॉटेल होतं. नरसिंगच्या वस्तीतल्या लोकांचे कप त्या हॉटेलाबाहेर, छपराच्या वाशात खोचलेले असत. आपला कप आपण काढायचा, लांब धरायचा, वरून चहा ओतून घ्यायचा, आपणच विसळून परत वाशात खोचायचा. हे मी ऐकलेलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

भागाबाईचा कट्टा वाळला त्या दिवशी नरसिंग बसवकल्याणहून स्टीलचा एक ग्लास घेऊन आला. आपल्याकडं लग्नाच्या भांड्यांवर नाव घालून देतात, तसं त्यावर नाव कोरून घेतलं होतं. नरसिंग. पुढं वडिलांचं नाव आणि गाव.

“भागाक्का,” तो म्हणाला, “हा गिलास वरच्या फळीवर ठेव. नाव भाईर दिसंल असा.”

“कामून? घरी जागा न्हाई का?”

“घरी हाय. हाटेलात न्हवती. माझ्या बापाचा कप भाईर होता, माझा भी भाईर होता. एकदा माझं नाव आत बसू दे.”

भागाबाईनं ग्लास हातात घेतला, उलटा करून बूड पाहिलं, दुकानात पाहतात तसं. म्हणाली, “बसू दे की. पण नुस्तं बसून काय करंल? माझ्या हाटेलात बसून खाणारं कोणी न्हाई. ह्याला काम लावते.”

दुसऱ्या दिवशी पहाटे हुमनाबादची पहिली बस लागली. प्रभुलिंग ड्रायव्हर खाली उतरला. प्रभुलिंग लिंगायत, घरी सोवळंओवळं मानणारी आई. दिवसाच्या पहिल्या विक्रीला, भवानीला, दुकानदार किती जपतात ते सगळ्यांना माहीत आहे. भागाबाईनं भवानीचा चहा त्याच ग्लासात ओतला आणि नाव त्याच्याकडं करून पुढं धरला. तो नुसताच बघत राहिला. मागं चार माणसं थांबलेली.

“बघायलास काय?” भागाबाई म्हणाली. “नाव काय च्याबरोबर पोटात जात न्हाई.”

प्रभुलिंग प्यायला. ग्लास ठेवताना एवढंच म्हणाला, “साखर कमी हाय.” मागची माणसं हसली आणि ते काम तिथंच झालं. तेव्हापासून तिचा रिवाज पडला: भवानीचा चहा नरसिंगच्या ग्लासात. पुढं त्याची चेष्टा झाली, मग चढाओढ झाली. “आज नरसिंग कुणाला लागला?” असं लोक विचारू लागले. मठाजवळ राहणारा गुरुपादय्या, गाव त्याला स्वामी म्हणतं, तो तर हिवाळ्यात कानाला मफलर गुंडाळून धावत यायचा, पहिला चहा आपल्याला मिळावा म्हणून. पहिला चहा झाला की ग्लास घासून वर फळीवर. मग तो खाली यायचा तो नरसिंग स्वतः आला की, साडेदहाच्या सुमाराला, कामावरच्या सुट्टीत. काही घरं भागाबाईकडं कधीच फिरकली नाहीत. ती अंकुशरावांकडं जायची. भागाबाई म्हणायची, “तिकडं तेन्ला ग्वाड लागतंय.”

अंकुशरावांनी वडिलांचे वाशातले कप केव्हाच टाकून दिले होते, हे मी कबूल करते. कायदा आला, पोरं शिकली. अंकुशरावांनी काळाप्रमाणं सुधारणा केली. आपल्या माणसांना कपबशी. आणि वस्तीतला कुणी आला तर कागदी कप. विचारलं तर म्हणत, “आरोग्याला बरा असतो.” त्यांच्या स्वतःच्या आरोग्याला मात्र कपबशी चालायची.

अशा गावात ती मुलगी आली. पुण्याकडच्या एका विद्यापीठाची, समाजशास्त्राची. तिची राहायची सोय कुणीतरी माझ्याकडं लावून दिली. घरात मी एकटी, इंग्रजी बोलणारी, म्हणून. मुलगी वाईट नव्हती. आपलं ताट आपण घासायची. पहिल्या रात्री जेवताना तिनं मला तिची पद्धत समजावली.

“काकू, मी कुणाला प्रश्न विचारत नाही. विचारलं की लोक स्वतःबद्दल चांगलं तेच सांगतात. मी फक्त बसून बघणार. माणूस सांगतो एक आणि वागतो दुसरं. वागणं खरं.”

मला ते पटलं, आणि आजही अर्धं पटतं. अंकुशरावांना जाऊन कुणी विचारलं असतं तर ते छातीवर हात ठेवून म्हणाले असते, आमच्याकडं तसलं काही न्हाई. बघण्याचा फायदा मी तिच्याच निबंधात पाहिला. रेशनच्या रांगेत नरसिंगची बायको विमलबाई उभी राहिली की पुढची बाई पदर ओढून घेते आणि हातभर पुढं सरकते, हे तिनं लिहिलं आहे. ते अगदी खरं आहे. त्या बाईला स्वतःला विचारलं असतं तर तिला ते माहीतही नसतं. असं काही प्रश्न विचारून हाती लागत नाही. त्याला डोळेच लागतात. मीही जन्मभर रोज रात्री दिवसाचं पाहिलेलं लिहीत आले आहे, म्हणून मला बघण्याची किंमत कळते. आणि म्हणूनच तिच्या बघण्याचा राग येतो.

कारण ती बघायला बसायची दहा ते बारा. रोज, त्याच लिंबाखाली, त्याच बाकावर. मी तिला म्हटलं होतं, “अगं, गाव पहाटे उठतं. एकदा पहिल्या बसला जा.” ती म्हणाली, “रोजची वेळ एकच ठेवावी लागते काकू, नाहीतर तुलना करता येत नाही.” मग आठ वाजता उठायची, केस वाळवायची.

पहिल्याच दिवशी अंकुशरावांनी ओळखलं. शहरातली बाई बाकावर बसते, दोन्ही हॉटेलांकडं बघते आणि लिहिते, यात ओळखायला काय लागतं? त्याच संध्याकाळी त्यांच्या कपबश्या खोक्यात गेल्या आणि हुमनाबादहून कागदी कपांची थप्पी आली. ती मुलगी होती तोवर सरपणवाल्यापासून सावकारापर्यंत सगळ्यांना कागदी कप. ज्यांना कपबशीची सवय होती ते कुरकुरले. अंकुशराव डोळा मिचकावून सांगायचे, “थोडे दिस कळ काढा. ती बाई जाऊ द्या.”

भागाबाईनं काहीच बदललं नाही. बदलायचं तिला सुचलंच नाही. झाकायचं काही असतं तर सुचलं असतं. तिनं त्या मुलीला पहिल्या दिवशी चहा पाठवला. मुलीनं हात जोडून परत पाठवला. दोन्हीकडं तिनं तसंच केलं. तटस्थ राहायचं होतं म्हणे, चहा घेतला की ओळख होते, ओळख झाली की नजर बदलते. बाटलीतलं पाणी प्यायची.

भागाबाई मला म्हणाली, “अक्का, तुमची पाव्हणी च्या पीत न्हाई. मग च्याच्या हाटेलाकडं बघून काय करायलीय?”

मी हसले होते. तो प्रश्न हसण्यासारखा नव्हता.

मुलगी गेली. कपबश्या खोक्यातून बाहेर आल्या. मग वर्षभरानं अंकुशरावांच्या भाच्यानं गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो इंग्रजी निबंध टाकला आणि खाली लिहिलं, ‘आपल्या गावाचं नाव काढलं.’ भागाबाई फोन घेऊन माझ्याकडं आली. ओट्यावर बसली. म्हणाली, “वाचा. जसं हाय तसं.”

मी वाचून मराठीत सांगितलं. ‘टी-स्टॉल अ’मध्ये एका दलित ग्राहकाच्या नावाचा वेगळा ग्लास आहे. तो इतर ग्लासांपासून दूर, वरच्या फळीवर ठेवतात. निरीक्षणाच्या संपूर्ण काळात त्या ग्लासातून दुसरा कुणीही चहा प्यायला नाही. दोन पेल्यांची जुनी प्रथा इथं उघडपणे चालू असून, नाव कोरून तिला कायमचं रूप दिलं आहे. ‘टी-स्टॉल ब’मध्ये मात्र सर्व जातींच्या ग्राहकांना एकसारख्या कपात चहा मिळतो, आधुनिक साधनांमुळं जुना भेद कसा पुसला जातो, याचं ते उदाहरण आहे.

मी थांबले. भागाबाईनं माझ्या हातातला फोन काढून घेतला. मग विचारलं, “नरसिंगनं ऐकलं का?”

“अजून नसेल.”

“तेच्या पोरान्ला वाटंल, आपल्या बापाला भागाबाईनं इतकी वरसं येगळा गिलास दिला.” तिनं डोळे पुसले नाहीत, ती रडलीच नाही. तिचा चेहरा लाल झाला होता. “अक्का, तिला डोळे व्हते न्हाई?”

मी त्याच दुपारी मुलीला फोन लावला. ती ऐकून घाबरली, पण म्हणाली, “काकू, माझी एकही नोंद चुकीची नाही. मी पाहिलं तेच लिहिलं.”

“तेच तर मी म्हणते,” मी म्हटलं. “ग्लास वेगळा होता, वर होता, त्यावर नाव होतं, नरसिंगच प्यायला. सगळं बरोबर. त्याचा अर्थ तू कुठून आणलास? तो तर दिसला नव्हता.”

तिनं फोन ठेवला. मला वाटलं होतं प्रकरण कागदावरच राहील. पण अंकुशराव पंचायतीचे सदस्य, आणि भागाबाईच्या जागेवर त्यांचा डोळा जुना. पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याची, पीडीओची नोटीस आली: सार्वजनिक जागेवर जातिभेद पाळणाऱ्या हॉटेलाचा परवाना का रद्द करू नये? ग्रामसभेत उत्तर द्यावं. नोटिशीला निबंधाची पानं टाचलेली होती. कपबशी आणि कागदी कप करणारा माणूस जातिभेद मोडायला निघाला होता, आणि हातात कागद होता विद्यापीठाचा!

ग्रामसभेच्या दिवशी ती मुलगी आपण होऊन आली. रात्रभर प्रवास करून, डोळे सुजलेले. सभेत तिनं उभं राहून सांगितलं, “माझा निष्कर्ष चुकला. मी सकाळी आले नव्हते. ग्लास का ठेवला ते मी कुणालाच विचारलं नाही. मी माफी मागते.” तिला हे सोपं गेलं नाही, एवढं मी तिच्या बाजूनं लिहिते.

अंकुशरावांनी तिला नमस्कार केला. “बाई, तुमी तवा सोताच्या डोळ्यानं बघून लिवलात. आता कुणाचं तरी ऐकून बोलायलाव. आमी अडाणी मान्सं, डोळ्यानं बघितलेलं खरं धरताव.”

लोक हसले. तिचंच वाक्य तिच्या तोंडावर आलं होतं. तिनं मला जेवताना सांगितलेलं. तिला खाली बसावं लागलं.

मग नरसिंग उठला. “गिलास माझा हाय. मीच आणला, मीच ठेवा म्हणलो. पैला च्या गाव पितंय तेच्यातनं. गुरुपादय्या, सांग की.”

गुरुपादय्यानं मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे बघणाऱ्याला कळलं नसतं.

अंकुशराव मायेनं म्हणाले, “नरसिंग, तू गरीब. तेंच्या हाटेलाचं बांधकाम करतूस, तुला तसंच बोलावं लागतंय. आमी तुझ्याच न्यायासाठी बसलाव.”

म्हणजे नरसिंगचं बोलणं खोटं, कारण तो नरसिंग आहे. आणि हे सगळं म्हणे नरसिंगसाठी! मी उठून बोलले, इंग्रजी पानं दाखवली, कागदी कपांचं सांगितलं. पीडीओ माझं वय बघून आदरानं ऐकत राहिले आणि त्यांनी काही टिपून घेतलं नाही.

शेवटी अंकुशरावांनी तोडगा काढला. भागाबाईनं सभेची माफी मागावी, तो ग्लास काढून टाकावा, म्हणजे स्टॉल राहील. पीडीओंना ते बरं वाटलं; कुणालाच काही करावं लागणार नव्हतं. सभा भागाबाईकडं बघू लागली. हॉटेल गेलं तर तिला दुसरं काही नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. दीर पुढच्या रांगेत होते.

नरसिंग तिच्याजवळ जाऊन हळू बोलला, “भागाक्का, नेतो मी घरी. तुझं हाटेल राहू दे.”

“तू कामून नेतूस?” भागाबाई सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. “आत आणाया तुझी उमर गेली. आता तुझ्याच हातानं भाईर काढ म्हणायलेत, कळंना व्हय तुला?” आणि ती पीडीओंकडं वळली. “सायेब, गिलास निघत न्हाई. हाटेल काढायचं तर काढा. माफी कशाची मागू ते तेवढं लिवून द्या.”

पुढच्या आठवड्यात स्टॉल उचलला. नरसिंगनं बांधलेला कट्टा जेसीबीनं फोडला, आणि नरसिंग बाजूला उभा राहून बघत होता. अपील केलं आहे. तारीख मिळते, निकाल नाही. त्या जागेवर अंकुशरावांची बाकडी आली आहेत.

विमलबाई भागाबाईला म्हणाली, “माझ्या अंगणात लाव चूल. रस्त्यावरच हाय.” वस्ती गावाच्या वळणावर आहे, स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. भागाबाईनं दुसऱ्याच दिवशी तिथं पातेलं ठेवलं. ती मुलगी तेव्हा पुन्हा येऊन माझ्याकडं चार दिवस राहिली. बाकावर जाऊन बसली नाही. पहाटे माझ्याआधी उठून भागाबाईकडं गेली आणि विचारू लागली, “मी इथं काय बघू?”

“बघू नगंस,” भागाबाई म्हणाली. “गिलासं विसळ.”

ती विसळत बसली. आणि हात राखेत असताना तिला ते दिसलं जे बाकावरून कधी दिसलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मलाही इतकी वर्षं दिसलं नव्हतं. स्टँडवर जे पहिल्या चहासाठी धावत यायचे, त्यातले निम्मे या अंगणात आले नाहीत. चहा तोच, हात तेच, भांडी तीच, नरसिंगचा ग्लासही तोच. स्टँडवर नरसिंगच्या नावाला तोंड लावणं ही गंमत होती. नरसिंगच्या दारात बसणं ही गंमत नव्हती. ज्यांनी मला रस्त्यात अडवून सांगितलं, भागाबाईवर फार अन्याय झाला हो अक्का, ते लांबच्या रस्त्यानं जातात. त्यांचा मला अंकुशरावांपेक्षा जास्त राग येतो. अंकुशरावांना निदान आपण काय करतो ते माहीत असतं.

मुलगी जायच्या दिवशी मी तिला बसला सोडायला वळणावर आले. प्रभुलिंगनं बस वळणावरच थांबवली. तिथं थांबा नाही. त्याच्याविरुद्ध डेपोत तक्रार गेली आहे, तरी थांबवतो. उतरून अंगणात आला, पायरीवर बसला, चहा घेतला. दोनतीन जण त्याच्यामागं उतरले. बाकीचे आत बसून राहिले. गुरुपादय्या खिडकीशी होता, मफलर बांधलेला. त्यानं काच सरकवली आणि हात बाहेर काढला.

“भागाक्का, एक इकडं दे. थंडी लई हाय.”

“खाली ये,” भागाबाई म्हणाली.

“बस सुटंल की.”

“ड्रायव्हर इथं बसलाय. कुठनं सुटंल?”

प्रभुलिंग फुंकर मारत सावकाश पीत होता. गुरुपादय्याचा हात खिडकीबाहेर तसाच. ती मुलगी चढायची थांबली होती, मीही थांबले होते. बसमधली माणसं बघत होती. भागाबाईनं चहा गाळला, ओतला, ग्लास पायरीच्या कडेला ठेवला आणि पुढच्याचा गाळायला घेतला. गुरुपादय्यानं हात आत घेतला, काच लावली.

प्रभुलिंगचा चहा संपला. तो उठला, गाडीला हात लावून उभा राहिला, काचेकडं बघून म्हणाला, “च्या गार व्हायलाय बघ, स्वामी.” काच हलली नाही. त्यानं गाडी सुरू केली. मुलगी चढली. बस गेल्यावर भागाबाईनं तो गार झालेला चहा मला दिला नाही, ओतूनही टाकला नाही. परत पातेल्यात घातला, जाळ वाढवला आणि म्हणाली, “उकळू दे. सव्वासातची यायलीय.”